जुन्या मोटारीचे वंगण

रायपूरच्या पंडरी भागात कापडाची मोठी बाजारपेठ आहे. तेथील एखाद्या व्यापाऱ्याच्या घरी वडिलांच्या काळातील पेट्रोलवर चालणारी अँबॅसडर अद्याप वापरात आहे, असे समजू. तेल बदलण्याची वेळ आली की त्याला दोन सल्ले हटकून मिळतात. एंजिन जुने, त्यात मे महिन्यातील ऊन, तेव्हा मिळेल तितके दाट तेल घालावे, हा एक. जे सर्वांत नवे व महाग तेच सर्वांत चांगले, हा दुसरा. दोन्ही सद्भावनेने दिलेले असतात आणि दोन्ही फसवे आहेत. तेल निवडावयाचे ते एंजिनाच्या वयावरून किंवा तेलाच्या किमतीवरून नव्हे, तर एंजिनाच्या रचनेवरून.

डब्यावरील ‘२०डब्ल्यू-५०’ ही खूण वाचता आली की निम्मा प्रश्न सुटतो. ‘डब्ल्यू’ म्हणजे हिवाळा. पहिला आकडा थंडीतील वाहतेपणा सांगतो, दुसरा १०० अंश सेल्सियसला तेलाचा दाटपणा, म्हणजे श्यानता. ‘२०डब्ल्यू’ तेलाची एक कसोटी शून्याखाली १५ अंशांवर घेतात, ‘०डब्ल्यू’ची शून्याखाली ३५ अंशांवर. रायपुरात असली थंडी पडत नाही. तेव्हा पहिल्या लहान आकड्यासाठी जादा पैसे मोजण्यात तेथे फारसे हशील नाही.

उन्हाची भीतीही काहीशी अनाठायीच. एंजिन तापले की आतील तेल १०० अंशांच्या आसपास पोचते, मग गाडी रायपुरात असो की महाबळेश्वरात. बाहेरच्या उन्हाने त्यात थोडी भर पडते, इतकेच. या गाडीला ‘५०’चे तेल मानवते याचे कारण वेगळे आहे. तिच्या १४८९ घन सेंटिमीटरच्या एंजिनाचा आराखडा इंग्लंडात १९५० नंतरच्या दशकात झाला. फिरता दंड व त्याची बेअरिंगे यांतील फट त्या काळी आजच्यापेक्षा मोकळी ठेवीत. ‘०डब्ल्यू-२०’सारखे पातळ तेल तीतून चटकन निसटते व तेलाचा दाब घसरतो. उलट, गरजेहून दाट तेल सकाळी एंजिन सुरू होताना वरच्या भागापर्यंत उशिरा पोचते, आणि झीज त्याच क्षणांत अधिक होते. निळा धूर टाकणाऱ्या एंजिनात दाट तेल ओतणे म्हणजे दुखणे झाकणे होय. दट्ट्याच्या कड्या झिजल्या असतील तर त्या बदलाव्यात.

याहून महत्त्वाची आणि सहसा न बोलली जाणारी गोष्ट जस्ताची आहे. या एंजिनात कॅमचे उंचवटे टॅपेटच्या सपाट तळावर घासत फिरतात. तेलातील जस्त व फॉस्फरस यांचे संयुग तेथे संरक्षक थर बनविते. परंतु फॉस्फरसामुळे नव्या मोटारींतील धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक निकामी होत जातो. भारतात १९९५ मध्ये चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला. पुढे २००४ च्या अमेरिकन ‘एसएम’ वर्गाने पातळ तेलांतील फॉस्फरसावर ०.०८ टक्क्याची कमाल मर्यादा घातली. नव्या गाड्यांसाठी हे योग्यच झाले. ज्या जुन्या गाडीत तो उत्प्रेरक मुळातच नाही, तिचे मात्र त्यात नुकसान. ‘२०डब्ल्यू-५०’ला ही मर्यादा लागू नाही, तरी डब्यावर जस्ताविषयी काय म्हटले आहे ते पाहावे. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. कॅमदंड झिजला तर तो सहज मिळेलच असे नाही.

गाडी क्वचितच बाहेर निघत असेल तर वर्षातून एकदा तरी तेल बदलावे, मैल भरोत वा न भरोत. थोडे चालून थंड होणाऱ्या एंजिनात पाणी व आम्ल साचत राहते.