एका शेगडीमागे किती मुलं?

भाचीला शेफ व्हायचंय. घरात कुणाचा विरोध नाही आणि ते चांगलंच आहे. अडलंय ते पदवीपाशी. ‘कलिनरी आर्ट्स’ या नावाने आज खासगी विद्यापीठांत तीन-चार वर्षांचे अभ्यासक्रम चालतात, शुल्क काही लाखांत जातं आणि कॉलेज जोखायचं कसं हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. इंजिनीअरिंगचं कॉलेज बरं की वाईट ते सांगणारा एखादा काका-मामा सापडतो. इथे तसा कुणी सापडला नाही, म्हणून तिच्याबरोबर मीच बघायला गेले.

एका कॉलेजात आम्हाला मोठ्या उत्साहाने स्वयंपाकघर दाखवलं. स्टीलचे लखलखीत ओटे, परदेशी ओव्हन, भिंतींवर पांढऱ्या टोप्यांतल्या शेफचे फोटो. ऐन सत्रातली सकाळ होती, तरी त्या खोलीला कसलाच वास नव्हता. फोडणीचा नाही, पावाचा नाही, चिरलेल्या कांद्याचाही नाही. ‘आज डेमो आहे,’ असं सांगण्यात आलं. शेजारच्या सभागृहात मुलं वहीत पाककृती उतरवून घेत होती. हात चालत होते ते एकट्या सरांचे.

नुसतं बघून हात तयार होत नाही. सुरी हातात बसायला पोत्यांनी कांदा चिरावा लागतो. एस्कॉफिए या फ्रेंच आचाऱ्याने ज्यांची घडी बसवली, ते मूळ सॉस आजही आपल्याकडे पहिल्या वर्षाला शिकवतात. त्यातला हॉलंडेज अंड्याच्या बलकाचा आणि लोण्याचा. आच जराशी वाढली की तो फाटतो, आणि नेमका कुठल्या क्षणी फाटतो ते स्वतःच्या हातून फाटल्याशिवाय कळत नाही. पाच जणांच्या गटाला एक शेगडी दिली की एक जण ढवळतो, एक चिरतो, बाकीचे जर्नल भरतात. गुण मात्र सगळ्यांना सारखे. म्हणून कॉलेजात गेल्यावर आधी विचारावं: एका शेगडीमागे किती मुलं? आणि लगेच दुसरं: शिजवलेलं अन्न खातं कोण?

हा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मुलांनी केलेलं मुलांनीच चाखून संपवलं तर चूक सांगणार कोण? अमेरिकेत हाइड पार्क इथल्या ‘कलिनरी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका’च्या आवारात लोकांसाठी खुली रेस्टॉरंट आहेत. तिथे रांधणं आणि वाढणं हा अभ्यासक्रमाचाच भाग असतो आणि गिऱ्हाईक पैसे मोजून जेवतं. आपल्याकडचं जुनं उदाहरण दादरच्या कॅटरिंग कॉलेजचं. 1954 साली लीलावती मुन्शींच्या पुढाकाराने ते सुरू केलं महिलांच्या एका अन्न परिषदेने, म्हणजे लोकांच्या ताटाचा विचार करणाऱ्या संस्थेने. शिकाऊ मुलाच्या हातचं अन्न अनोळखी माणसाच्या पानात पडायलाच हवं. भात कच्चा राहिला तर तो माणूस ताट परत पाठवेल, आणि त्या एका ताटातून मुलगा जे शिकेल ते दहा व्याख्यानांतून शिकणार नाही.

आता पदवीविषयी. हॉटेल मॅनेजमेंटच्या पदवीत स्वयंपाकाबरोबर फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, सर्व्हिस असं सगळं येतं. कलिनरीच्या पदवीत भर स्वयंपाकावर. पण ज्याला फक्त रांधायचंय त्याच्यासाठी सरकारी हॉटेल मॅनेजमेंट संस्थांत फूड प्रॉडक्शन आणि पॅटिसरीचा दीड वर्षाचा क्राफ्ट कोर्सही असतो. पदवीपेक्षा तो कितीतरी स्वस्त, आणि जाहिरात नसल्यामुळे पालकांच्या कानावरच येत नाही. पुढे शिकवायचं असेल, परदेशी उच्च शिक्षण घ्यायचं असेल, तर पदवी हवीच. पण स्वयंपाकघरात शिरताना पदवीवाला आणि क्राफ्ट कोर्सवाला दोघेही बहुधा कॉमी, म्हणजे सगळ्यांत खालच्या पायरीचे आचारी, म्हणूनच उभे राहतात. दोन तुकड्यांत विभागलेली तीच ब्रेक शिफ्ट, तेवढेच तास. हे मुलांना प्रवेशाआधीच स्पष्ट सांगायला हवं.

कर्ज काढणाऱ्यांनी तर अमेरिकेतली हकिगत लक्षात ठेवावी. पॅरिसच्या ‘ल कोर्दों ब्ल्यू’ या पाककला शाळेचं नाव घेऊन तिथे एका कंपनीने कॉलेजं चालवली. सॅन फ्रान्सिस्कोतल्या तिच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी दावा लावला: नोकऱ्यांची भलती स्वप्नं दाखवली, आणि हाती आलेल्या पगारातून कर्ज फिटेना. कंपनीला तडजोड करून पैसे द्यावे लागले. 2015 च्या अखेरीस तिने अमेरिकेतली ही सगळी कॉलेजं बंद करण्याची घोषणा केली. म्हणून ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ हे शब्द ऐकून हुरळून जाऊ नये. तीन-चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्यांपैकी आज किती जण स्वयंपाकघरात टिकलेत, ते विचारावं.

आणखी एक गोष्ट मला मनापासून खुपते. अशा बऱ्याच अभ्यासक्रमांत अख्खा महाराष्ट्र एखाद-दुसऱ्या प्रॅक्टिकलमध्ये उरकतात: मसालेभात, कोल्हापुरी मटण, पुरणपोळी, झालं. खापरावरचे मांडे, नागपूरचं सावजी, मालवणी तिरफळ, पाठारे प्रभूंची भुजणी हे सगळं कुठे गेलं? मांडा हातावर पसरवणं हे पफ पेस्ट्रीच्या घड्या घालण्याइतकंच अवघड कसब आहे. ते शिकवायला खानदेशातल्या एखाद्या बाईंना बोलावून योग्य मानधन देणारं कॉलेज मला दिसलं, तर भाचीला मी डोळे मिटून तिथे पाठवेन.

प्रवेशाचे पैसे भरण्याआधी, न कळवता, सकाळी दहाच्या सुमारास कॉलेजात जा. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना बाजूला घेऊन विचारा, या आठवड्यात स्वतःच्या हाताने काय काय रांधलंत? आणि सुरीसंच, गणवेश, कच्चा माल शुल्कात धरलाय की वेगळा, हे कॉलेजकडून लेखी घ्या.