फौजदारी न्यायाची ऑनलाइन पदवी कोणाच्या कामाची?

1 जुलै 2024 रोजी भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा हे तिन्ही एकाच दिवशी गेले आणि त्यांच्या जागी नवे कायदे आले. ज्यांची उभी नोकरी ‘तीनशे दोन’ आणि ‘चारशे वीस’ या आकड्यांवर झाली, त्यांना नवी कलमे पाठ करायला लागलीच, शिवाय झडतीचे चित्रीकरण आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र अशा कामांची पद्धतही नव्याने शिकावी लागली. अशा काळात ‘नोकरी सांभाळून एमए’ म्हणत येणाऱ्या गुन्हेगारीशास्त्राच्या, फौजदारी न्यायाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांकडे लक्ष जाणे साहजिक आहे. त्यावरची चर्चा मात्र अजून ऑनलाइन पदवी खरी की दुय्यम, याच प्रश्नात घोटाळते. तो प्रश्न विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्येच निकालात काढला: मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची. उरतो तो प्रश्न ही पदवी घेणारा कोण, हा. माझे मत असे की पोलीस ठाण्यात, कारागृहात किंवा सरकारी वकिलांच्या कार्यालयात आधीच काम करणाऱ्यासाठी ती उत्तम आहे. नुकत्याच बीए झालेल्या बाविशीतल्या मुलामुलींसाठी ती, आज जशी आहे तशी, बहुतेक वेळा फसवा सौदा आहे.

कारण या विषयाच्या स्वभावात आहे. कायद्याचे कलम वाचून कळते, सिद्धांत व्याख्यान ऐकून कळतो. पण खटला नेमका कुठे ढासळतो हे पंचनामा, मुद्देमालाची नोंद आणि तारखांवर तारखा पाहिल्याशिवाय कळत नाही. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने समाजकार्याच्या शिक्षणात क्षेत्रकार्याला मध्यवर्ती जागा दिली ती याच समजुतीने. तिचा ‘प्रयास’ हा प्रकल्प 1990 पासून कैद्यांसोबत काम करतो आहे. घरी लॅपटॉपसमोर बसलेल्या विद्यार्थ्याला हे मिळत नाही. नोकरीतल्या माणसाची अडचण उलटी असते. त्याच्यापुढे साहित्याचा ढीग आहे, पण त्याकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहायला कोणी शिकवलेले नसते.

उदाहरण घ्या. 2022 च्या अखेरीस देशातल्या कारागृहांत 5,73,220 कैदी होते आणि त्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे खटला न संपलेले. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 479 सांगते की पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडावे. इतरांसाठी ही मर्यादा निम्म्याची. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत. आणि मुदत भरताच न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याची जबाबदारी कायद्याने थेट कारागृह अधीक्षकावर टाकली आहे. ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम जुन्या प्रकरणांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले. आता एखाद्या जिल्हा कारागृहातला अधिकारी एमए करत असेल, तर त्याच्या प्रबंधाचा विषय त्याच्या टेबलावरच पडलेला आहे. मुदत भरलेले किती, अर्ज किती गेले, न गेलेल्यांचे काय अडले? दुसरा गुन्हा प्रलंबित होता, की शिक्षेच्या मुदतीचा हिशेब करायला कोणी बसलेच नाही? याचे उत्तर देणारे साठ पानी काम त्या पदवीचे मोल ठरवील, आणि चार माणसे घरी जातील ते वेगळेच. तपासी अंमलदारालाही असाच विषय आहे: तपासाची प्रगती फिर्यादीला नव्वद दिवसांत कळवण्याचे बंधन नव्या संहितेत आहे. आपल्या ठाण्यात ते किती गुन्ह्यांत पाळले गेले, हे त्याच्याइतके नेमके दुसरा कोण मोजणार?

यावर पहिला आक्षेप अमेरिकेच्या अनुभवातून येतो आणि तो वजनदार आहे. तिथे 1967 च्या राष्ट्राध्यक्षीय आयोगाने पोलिसांना पदवीधर करण्याचा आग्रह धरला, पुढच्याच वर्षी त्यासाठी केंद्र सरकारचा पैसा सुरू झाला आणि पोलिसी अभ्यासक्रमांचे पीक आले. दहा वर्षांनी, 1978 मध्ये, लॉरेन्स शर्मन यांनी लिहिलेल्या राष्ट्रीय आयोगाच्या अहवालाने या अभ्यासक्रमांना उथळ ठरवले आणि भरती झालेल्यांना शिकवत बसण्यापेक्षा शिकलेल्यांची भरती करा, असा कौल दिला. म्हणजे माझ्या म्हणण्याच्या थेट उलट. पण तो वाद पहिल्या पदवीचा होता. महाराष्ट्रात पोलीस शिपाई बारावी उत्तीर्ण असावा लागतो आणि लोकसेवा आयोगातून येणारा उपनिरीक्षक पदवीधरच असतो. त्यामुळे पदव्युत्तर पदवीपाशी येणारा माणूस सामान्य शिक्षण पुरे करून आलेला असतो. पदवीकडून चमत्काराची अपेक्षा मात्र मलाही नाही. रायडबर्ग आणि टेरिल यांच्या 2010 च्या अमेरिकी अभ्यासात महाविद्यालयीन शिक्षण घेतलेले पोलीस बळाचा वापर कमी करताना दिसले, पण अटक आणि झडतीच्या प्रमाणात फरक आढळला नाही. शिक्षणाने काही बदलते, सगळे नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा. नोकरीतला माणूस ज्ञानासाठी शिकेल कशावरून? तो बढतीसाठी, वेतनवाढीसाठी कागद गोळा करील. मॅसॅच्युसेट्स राज्यात नेमके हेच झाले. तिथे 1970 पासून ‘क्विन बिल’ नावाच्या कायद्याने फौजदारी न्यायातल्या पदवीनुसार पोलिसांच्या मूळ पगारात दहा, वीस आणि पदव्युत्तर पदवीला पंचवीस टक्के वाढ मिळू लागली. पगार पदवीच्या नावाला बांधला की विद्यार्थ्याला सोपी पदवी हवी असते आणि महाविद्यालयाला असा विद्यार्थी. दर्जा कोणालाच नको असतो. अखेर राज्याच्या उच्च शिक्षण मंडळाला या अभ्यासक्रमांसाठी खास निकष घालावे लागले, 2009 नंतर राज्याने आपल्या वाट्याचा पैसा आखडता घेतला आणि शहरे व पोलीस यांच्यातला वाद न्यायालयात गेला. हे सगळे ऑनलाइन शिक्षणाच्या पडद्यामुळे घडले नाही; वर्गात बसूनही हलकी पदवी मिळत होती. म्हणून आपल्या गृह खात्याने या पदव्यांना सरसकट वेतनवाढ जोडू नये. फी परत द्यावी, अभ्यास रजा द्यावी, आणि प्रबंध तपासून ज्याचे काम खरे ठरेल त्याला तपासाच्या किंवा प्रशिक्षणाच्या जागी नेमावे. तपास आणि कायदा-सुव्यवस्था वेगळी करा, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग खटल्यात 2006 मध्येच सांगितले आहे. ते झाले नाही तर एमए झालेला उपनिरीक्षकही गणपतीत बंदोबस्तालाच उभा राहणार, आणि त्याचा प्रबंध कपाटात.

राहता राहिले तरुण विद्यार्थी. गडचिरोली किंवा हिंगोलीच्या मुलीला मुंबईत राहून शिकणे परवडत नाही, तिच्यासाठी ऑनलाइन हाच एक दरवाजा आहे, हे म्हणणे मला मान्य आहे. पण दरवाजा उघडतो कुठे? पोलीस भरतीला ही पदवी लागत नाही. सरकारी वकील व्हायला एलएलबी लागते आणि ती ऑनलाइन करता येत नाही. न्यायसहायक प्रयोगशाळेत विज्ञानाची पदवी मागतात. जाहिरातीत मात्र ‘करिअरच्या संधी’ म्हणून याच तीन खात्यांची नावे झळकतात. तिच्यासाठी पदवीला अर्थ यायचा तर क्षेत्रकार्य तिच्याच जिल्ह्यात, सक्तीने आणि कोणाच्या तरी देखरेखीखाली व्हायला हवे. जिल्हा न्यायालय, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, बालन्याय मंडळ प्रत्येक जिल्ह्यात आहे. तिथे बसवून शिकवणे खर्चाचे नाही, करार करण्याच्या कष्टाचे आहे.

तोवर प्रवेश घेणाऱ्यांना एक विनंती. अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावर संस्थेची मान्यता पाहाच, पण फी भरण्यापूर्वी संस्थेला लेखी विचारा: मी किती दिवस कोणत्या न्यायालयात, ठाण्यात किंवा कारागृहात काम करणार आणि माझे काम कोण तपासणार? उत्तरात फक्त व्हिडिओ व्याख्यानांची संख्या आली, तर पैसे खिशातच ठेवा.