विश्लेषण: जुन्या लाकडी घरातली कोणती भिंत तोडता येते, कोणती नाही?

२५ जुलै २०१७ च्या सकाळी घाटकोपरमधली सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळली आणि १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर नूतनीकरण सुरू होतं. त्या कामात खांबांना हात लावला गेला, असा आरोप रहिवाशांनी केला.

ती इमारत आरसीसीची होती. आरसीसीत खांब बहुतेकदा निदान दिसतो तरी. गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वरच्या जुन्या इमारतींत किंवा पुण्याच्या पेठांमधल्या वाड्यांत तो लाकडी असतो आणि कैकदा प्लास्टरच्या आत गडप झालेला असतो. अशाच खोल्यांचे 'बिफोर-आफ्टर' रील सध्या जोरात चालतात. मधली भिंत पाडली, दोन खोल्यांचा हॉल झाला, लाइक्स आले. वरच्या मजल्यावर कोण राहतं, ते मात्र रीलमध्ये दिसत नाही.

मग भार नक्की कोण पेलतं?

वाड्याचा किंवा जुन्या चाळीचा सांगाडा साधारण असा: दगडी तळखड्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर ओळीने कड्या आणि त्यावर फळ्यांचा पाट. म्हणूनच या छताला कडीपाट म्हणतात. खांबांच्या मधली वीट बऱ्याचदा फक्त भराव असते. बाहेरच्या जाड भिंती मात्र अनेक इमारतींत खरोखर वजन घेतात, कारण तुळयांची टोकं त्यांच्यातच रुतलेली असतात.

त्यामुळे सगळ्यात आधी मान वर करा. कड्या कोणत्या दिशेने गेल्यात ते बघा. फॉल्स सीलिंग असेल तर एक तुकडा काढून बघा. कड्या एखाद्या भिंतीवर आडव्या येऊन टेकत असतील, तर ती भिंत किंवा तिच्या आतली तुळई वजन घेतेय. कड्यांना समांतर जाणारी भिंत बहुतेकदा नुसता आडोसा असते. पण 'बहुतेकदा'च. वरच्या मजल्यावर बरोबर त्याच जागी भिंत किंवा पाण्याची टाकी असेल, तर हा नियम विसरा. शेजाऱ्यांकडे चहाला जाऊन एकदा बघून या, त्याला पर्याय नाही.

जाडीवरून अंदाज बांधणं ही सगळ्यात लोकप्रिय चूक. 'साडेचार इंची आहे, काढा' असं कंत्राटदार बिनधास्त सांगतो. त्या साडेचार इंचात खांब दडलेला असू शकतो. ठोकून ऐकलं तर लाकडाचा आणि विटेचा आवाज वेगळा येतो. तरी खात्री करायची तर दोन-तीन ठिकाणी प्लास्टर खरवडून बघावंच लागतं.

आता खरी मेख. बांधताना जी भिंत नुसती पार्टिशन होती, ती आज पार्टिशनच असेल असं नाही. ऐंशी-शंभर वर्षांत तुळई वाकते. नहाणीच्या बाजूला ओल मुरून तिचं टोक कुजतं, वाळवी लागते. खाली आलेली तुळई मग त्या पातळ भिंतीवर टेकते. मूळ नकाशात जिच्यावर काहीच वजन नव्हतं, ती भिंत गुपचूप टेकूचं काम करत असते. वरची जमीन मधोमध दबलेली दिसतेय, दाराची चौकट तिरकी होऊन दार अडकतंय, चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेलीय, असं काही दिसलं तर घण बाजूला ठेवा.

आणि भरावाची वीटसुद्धा अगदी निरुपयोगी नसते. लाकडी सांगाड्याला बाजूला कलू न देण्याचं काम ती करते. एक भिंत गेली तर फरक जाणवणार नाही, पण प्रत्येक मजल्यावरच्या प्रत्येक भाडेकरूने एकेक काढली तर?

कायदा काय सांगतो? मुंबईत प्लास्टर, रंग, फरशी बदलणं अशा 'टेनंटेबल रिपेअर्स'ना महापालिकेची परवानगी लागत नाही. भार पेलणारी भिंत किंवा सांगाड्याचा भाग काढणं, पोटमाळा घालणं मात्र यात बसत नाही. तीस वर्षांहून जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिटही महापालिका कायद्याच्या कलम ३५३ब नुसार बंधनकारक आहे.

कागदावर हे ठीक. प्रत्यक्षात शहर बेटावरच्या १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींत पागडीचं भाडं इतकं कमी असतं की मालकाला दुरुस्तीत रस उरत नाही. रहिवाशांचे डोळे पुनर्विकासाकडे लागलेले असतात, म्हणून तेही पूर्ण इमारतीवर खर्च करत नाहीत. प्रत्येक जण आपापली खोली तेवढी चकाचक करतो. सांगाडा सगळ्यांचा, म्हणजे कुणाचाच नाही. म्हाडा दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी काढते. पण यादीत नाव नाही म्हणजे तुमच्या घरातली भिंत पाडायला मोकळीक मिळाली, असा त्याचा अर्थ नाही.

भिंत काढायचीच असेल, तर इंटिरिअर डेकोरेटरच्या आधी नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा आणि त्याच्याकडून लेखी घ्या. त्याला दोन प्रश्न विचारा: भिंत काढताना टेकू कुठे आणि किती दिवस लावायचे? आणि भिंतीच्या जागी लोखंडी गर्डर टाकला, तर त्याची दोन्ही टोकं कशावर बसणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'बाजूच्या भिंतीवर' असं आलं, तर ती भिंत कसली आहे, हेही तिथेच विचारून घ्या.