विश्लेषण : पायथनला ‘खिडकी’ हवी, पण कोणाची?

पायथन शिकणारा विद्यार्थी याद्या, फायली, हिशेब पटकन हाताळू लागतो. पण त्याचा प्रोग्राम काळ्या टर्मिनलमध्येच अडकतो. दुकानातला हिशेबनीस किंवा शाळेतला लिपिक तो वापरू शकत नाही. त्यांना खिडकी, बटणे, मेन्यू लागतात. ही सोय देणारा संच निवडताना ‘दिसायला देखणा कोणता’ एवढेच पाहिले जाते. हा निकष अपुरा आहे.

डब्ल्यूएक्स-पायथन म्हणजे काय?

ज्युलियन स्मार्ट यांनी १९९२ मध्ये एडिंबरा विद्यापीठात सी प्लस प्लस भाषेतील एक संच सुरू केला. त्याचे नाव ‘डब्ल्यूएक्स-विंडोज’. मायक्रोसॉफ्टच्या विनंतीनंतर २००४ मध्ये ते ‘डब्ल्यूएक्स-विजेट्स’ झाले. डब्ल्यूएक्स-पायथन हे त्याच संचावरचे आवरण. सूचना पायथनमधून द्यायच्या, काम आतला संच करतो. हा संच बहुतेक बटणे स्वतः रेखाटत नाही, संगणकाच्या प्रणालीकडून मागून घेतो. त्यामुळे एकच प्रोग्राम विंडोजवर विंडोजसारखा, मॅकवर मॅकसारखा आणि लिनक्सवर जीटीकेच्या रूपात दिसतो.

फायदा कोणाला?

दृष्टिहीन व्यक्ती स्क्रीन रीडरच्या आवाजावर संगणक चालवतात. प्रणालीचे मूळ बटण आपले नाव आणि काम स्क्रीन रीडरला सांगते. क्यूटी स्वतःची बटणे रेखाटतो आणि त्यासाठी वेगळी व्यवस्था पुरवतो. पायथनसोबत येणारा टीके-इंटर या बाबतीत दीर्घकाळ लंगडा राहिला. ‘एनव्हीडीए’ हा मोफत स्क्रीन रीडर प्रामुख्याने पायथनमध्ये लिहिलेला असून त्याच्या सेटिंगच्या खिडक्या डब्ल्यूएक्स-पायथनच्या आहेत. ज्यांचे कामच ऐकू येण्यावर अवलंबून आहे, त्यांनी केलेली ही निवड बोलकी आहे. अर्थात, नुसते चित्र लावून नाव न दिलेले बटण इथेही मुकेच राहते.

बसवायचे कसे?

विंडोज आणि मॅकवर ‘पिप इन्स्टॉल’ पुरते. तयार पॅकेज उतरते. मात्र पायथनची अगदी ताजी आवृत्ती घेण्याची घाई नको, तिच्यासाठीचे पॅकेज यायला वेळ लागू शकतो. लिनक्सवर नवशिके अडखळतात. तिथे पिप सहसा मूळ कोड उतरवून तो जुळवू लागतो आणि जीटीकेच्या विकास-फायली नसतील तर बराच वेळ खाऊन थांबतो. डेबियन किंवा उबंटूवर सोपा मार्ग म्हणजे वितरणाचेच पॅकेज ‘एपीटी’ने घेणे. डेबियन १२ पासून प्रणालीच्या पायथनमध्ये पिप थेट काही बसवू देत नाही. त्यामुळे प्रकल्पासाठी आभासी पर्यावरण करावे आणि ते करताना प्रणालीची पॅकेजे दिसू देण्याचा पर्याय निवडावा.

परवान्याचे काय?

पायक्यूटी जीपीएल किंवा सशुल्क परवान्याखाली मिळतो. कोड बंद ठेवून प्रोग्राम विकायचा तर पैसे मोजावे लागतात. पायसाइड एलजीपीएलखाली आहे. डब्ल्यूएक्सचा परवाना एलजीपीएलसारखाच, पण तयार प्रोग्राम स्वतःच्या अटींवर वाटण्याची मुभा देणारा. लहान विक्रेत्याने हे पहिली ओळ लिहिण्याआधी वाचावे.

मग निवड काय?

वर्गातील प्रात्यक्षिकाला टीके-इंटर ठीक, आकर्षक आलेख-चित्रांना क्यूटी उजवा. पण रोज माहिती भरण्याचा, अनेकांनी वापरायचा कार्यालयीन प्रोग्राम असेल, तर डब्ल्यूएक्स-पायथनचा विचार आधी व्हायला हवा. संच कोणताही निवडला तरी परीक्षा एकच : माउस बाजूला ठेवावा, पडदा बंद करावा, स्क्रीन रीडर लावावा आणि केवळ टॅब व एंटर कळांवर एक नोंद पूर्ण करून पाहावी. ती होत नसेल, तर प्रोग्राम अजून तयार झालेला नाही.