आधी खोका, मग ऊन!

शाळा कशी भारदस्त दिसली पाहिजे, असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण आहे. मी ज्या वर्गात पाढे घोकले, तिथे भरदुपारी दिवा लागे. दर्शनी दगडी कमान मात्र पाहुण्यांनी वाखाणावी अशी! ॲमस्टरडॅममध्ये यान डाउकर यांनी १९३० साली पुरी केलेली शाळा घ्या. काँक्रीटचा सांगाडा, भिंतींऐवजी काचा, आणि वरच्या मजल्यांवर दोन-दोन वर्गांत मिळून एक उघडी गच्ची. उघड्या हवेच्या शाळा तोवर बहुधा क्षयाच्या भीतीने, अशक्त मुलांसाठी निघत. मुलाने आधी खोकावे, मग त्याला ऊन मिळावे, हा कुठला न्याय? ही शाळा निरोगी मुलांची; पण तिला जागा मिळाली घरांच्या रांगांमागच्या चौकात! त्या गच्चीवर बसून कुणाचे पाढे कच्चे राहिले असतील, तर मला दाखवा.