भगताच्या अंगणातला पाहुणा

गॅबॉनच्या जंगलातली बाबोंगो लोकांची वस्ती. रात्रीची वेळ. एक गोरा माणूस इबोगाच्या मुळाची कडूजहर साल चावतोय, ओकतोय, पुन्हा चावतोय. बीबीसीच्या 'ट्राइब' मालिकेतला तो भाग पाहताना थोड्या वेळाने मी डोळे मिटले आणि नुसता ऐकत बसलो. माझा धंदाच तो. बत्तीस वर्षं मी माहितीपटांचा आवाज टिपला. चित्रात ब्रूस पॅरीचा घामेजलेला चेहरा होता, पण कानावर सगळी वस्ती येत होती.

इबोगा खाऊन दीक्षा घेण्याच्या या पंथाला गॅबॉनमध्ये ब्विती म्हणतात. न्गोम्बी नावाची आठ तारांची वीणा, तोंडाशी धरून वाजवायचं एक तारेचं धनुष्य, खुळखुळे, टाळ्या असं सगळं त्या रात्री चालू राहतं. साल खाल्लेला माणूस आत कुठेतरी दूर गेलेला असतो. त्याला परतीची वाट सापडावी म्हणून हे वाजवणं. इबोगा हृदयाच्या ठोक्यांशी खेळतं, त्यातून माणसं दगावलीही आहेत. त्यामुळे दीक्षा घेणाऱ्याच्या उशाशी जाणती माणसं बसून असतात. दीक्षेतला खरा जागता भाग हा आहे. ओकणारा पाहुणा त्यातला एक घटक, बस.

पॅरी पूर्वी ब्रिटनच्या रॉयल मरीन्समध्ये अधिकारी होता. २००५ ते २००७ या काळात 'ट्राइब'साठी तो आपल्या अरुणाचलमधल्या आदींपासून सैबेरियातल्या नेनेत्स लोकांपर्यंत पंधरा समाजांत जाऊन राहिला. त्याची रीत साधी होती. छोटा चमू, एखाद्या घरात मुक्काम, ते खातील ते खायचं, ते करतील ते काम करायचं. व्हेनेझुएलातल्या सानेमांकडे तो गेला. तिथले शामान साकोना नावाची झाडसालीची भुकटी नाकात ओढून आपल्या आत्म्यांना बोलावतात. मला पॅरी आवडतो, हे आधीच सांगतो. हा माणूस कुणाच्या ओसरीवर उभ्याने बोलत नाही, खाली बसतो. निवेदकाचं निम्मं काम तिथेच होतं. इबोगाच्या रात्रीबद्दल त्याने नंतर सांगितलं ते असं : आयुष्यात ज्यांना ज्यांना दुखावलं, ते प्रसंग त्याला त्यांच्या बाजूने दिसले.

तरीही माझी तक्रार आहे. पॅट कॅप्लन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी २००५ सालीच या मालिकेवर विद्वानांच्या नियतकालिकात लिहिलं होतं. अद्भुताच्या शोधाचा मुद्दा त्यांच्या शीर्षकातच होता. मी विद्वान नाही. माझी तक्रार कानाची आहे. अशा कार्यक्रमात विधी कुणासाठी होतोय, हेच हरवतं. शामान असो की भगत, तो बसतो आजाऱ्यासाठी, गावासाठी. दूरचित्रवाणीवर मात्र आजाऱ्याच्या जागी निवेदक येतो. त्याला काय झालं, त्याला काय दिसलं, हीच गोष्ट होऊन बसते. पॅरीने निदान स्वतःच्या अंगावर घेऊन ती किंमत मोजली. आपल्याकडे तेवढंही झालं नाही.

२००९च्या उन्हाळ्यात एका वाहिनीसाठी आम्ही जव्हारकडच्या एका वारली पाड्यावर गेलो होतो. भगत सत्तरीचा. कार्यक्रमाच्या ताईंना अकरा वाजता, उजेड चांगला असताना, त्याच्या अंगात आलेलं हवं होतं. म्हातारा म्हणाला, "वारं काय सांगून येतं का, ताई?" मग त्यांनी नुसती नक्कल करायला सांगितली. तो गप्प बसला. आम्हीही बसून राहिलो, दुपारपर्यंत. कुडाच्या भिंतीशी एक बाई तापलेल्या पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. ती आमच्या आधी आलेली. आमचं आटपेपर्यंत तिला थांबायला लागलं, आणि आमच्यापैकी कुणी, मी धरून, तिला पुढे जा म्हटलं नाही.

शेवटी भगतानेच आम्हाला बाजूला सरायला सांगितलं आणि तिला बोलावलं. सूप घेतलं, मूठभर तांदूळ टाकले. बूम माइक मी सुपाच्या हातभर वर धरला होता. बांबूच्या विणीवरून दाणे सरकताना आधी सर येते, मग एकेक दाणा सुटा ऐकू येतो, मग शांत. तो दाणे मोजायचा, पुटपुटायचा, पुन्हा पाखडायचा. मधेच पोरीचा खोकला. पाऊण तासाने त्याने बाईला राख लावायला दिली आणि म्हणाला, "आजच दवाखान्यात ने. सुई मार. मग ये."

प्रक्षेपणात हे शेवटचं वाक्य नव्हतं. माझ्या सुपाच्या आवाजावर भुताच्या सिनेमातलं संगीत चढवलं होतं आणि पट्टीवर लिहिलं होतं, अघोरी विद्या.

इथे कुणी म्हणेल, अंधश्रद्धेचं काय? प्रश्न रास्त आहे. साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालत बसणं हा महाराष्ट्रात २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. बाईला डाकीण ठरवून मारणाऱ्याची गय करू नये. पण ज्या भगताने स्वतःच्या तोंडाने दवाखान्याची वाट दाखवली, त्याचं ते तोंड कापून त्याला अघोरी ठरवणं यात विवेक कुठे आला? तो म्हातारा घांगळी हे तंतुवाद्य घेऊन कणसरीची कथा लावायचा. धान्याच्या देवीची ती कथा त्याला तोंडपाठ होती. ती टिपून ठेवायला आमच्याकडे वेळ नव्हता.

पॅरी २०२५ साली पुन्हा निघाला : कोलंबियातले वाइमाहा, अंगोलातले मुकुबाल, सुंबा बेटावरचे मारापू पाळणारे लोक. मधल्या काळात, २०१७ साली, त्याने 'तावाई' हा चित्रपट केला. तावाई हा बोर्निओतल्या पेनान लोकांचा शब्द, जंगलाशी असलेल्या आतल्या नात्याचा. पाहुण्याने आपल्या चित्रपटाला यजमानाच्या भाषेतलं नाव द्यावं, हे मला मोठं वाटतं. आपल्या वाहिन्यांनी त्याच्याकडून उचलायचं तर हे उचलावं. साल चावून दाखवू नये. विधीवर वरून संगीत घालू नये. आजारी माणूस आधी, कॅमेरा मागून. आणि तयार झालेला कार्यक्रम प्रक्षेपणाआधी त्या पाड्यावर नेऊन दाखवावा. ते नको म्हणतील ते काढावं. खर्च फार नाही, एका गाडीच्या डिझेलचा.

मूळ ध्वनिफीत माझ्याकडे राहिली होती. म्हातारा गेल्याचं कळलं तेव्हा तिची प्रत करून मी पाड्यावर नेली. नातवाने हेडफोन लावून सगळी ऐकली, दाण्यांपाशी दोनदा मागे नेली. मग हेडफोन काढून त्याने विचारलं, "दादा, ही खोकते ती पोर कुणाची? बरी झाली का?"

मी तिच्या आईचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.