दिसतोय तर ठणठणीत!

बाइकवरून पडलेला तुमचा दोस्त चार महिन्यांनी कॉलेजात परत येतो. टाके सुकलेत, केस वाढलेत, चालतो-बोलतो नीट. मग तो सबमिशन विसरतो. कॅन्टीनच्या गोंगाटातून दहा मिनिटांत उठून जातो. साध्या चेष्टेवर भडकतो. ग्रुपमध्ये कुजबुज सुरू, ‘नाटकं करतो यार! फारच बदललाय.’

हो, बदललाय. पण ठरवून थोडाच बदललाय?

जन्मानंतर मेंदूला झालेल्या अशा इजेला ‘अ‍ॅक्वायर्ड ब्रेन इंज्युरी’ म्हणतात. अपघात, स्ट्रोक, मेंदूज्वर, गाठ, बुडताना तुटलेला ऑक्सिजन, कशानंही ती होते. कपाळामागचा मेंदू आपलं नियोजन सांभाळतो आणि रागाला लगामही घालतो. तिथं मार बसला, की हुशारी शाबूत असूनही कामाला सुरुवात कुठून करायची तेच सुचत नाही. थकवा तर असा, की एका लेक्चरमध्येच बॅटरी संपते. प्लास्टर घातलेला पाय सगळ्यांना दिसतो, हे दिसत नाही.

१८४८मध्ये अमेरिकेत रेल्वेच्या कामावर फिनिअस गेज या २५ वर्षांच्या मुकादमाच्या डोक्यातून साडेतीन फुटी लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, पण स्वभाव इतका पालटला की जुनं काम परत मिळालं नाही. सायकॉलॉजीच्या वर्गात गोष्ट इथंच संपते. पण हाच गेज पुढं चिलीत काही वर्षं घोडागाडी हाकत होता. रोज तेच काम, ठरलेला रस्ता. त्या चाकोरीनंच तो सावरला असावा, असं काही अभ्यासक मानतात.

आपली कॉलेजं अशी चाकोरी देतात का? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, पण मेंदूच्या इजेचं वेगळं नाव त्यात नाही. हात लुळा पडला, वाचा गेली तर प्रमाणपत्राची वाट निघते. विस्मरण आणि थकवा कुठल्या रकान्यात लिहायचा? म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: डॉक्टरांचं पत्र असेल, तर जादा वेळ, मध्ये विश्रांती आणि लेक्चरच्या नोट्स कॉलेजनं द्याव्यात. रकान्यासाठी वर्ष वाया जाऊ नये.

आणि आपण? एका वेळी एकच गोष्ट सांगा. ठरलेलं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून टाका. शब्द शोधत असेल तर थांबा, त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. ‘इतकंही आठवत नाही?’ हे तर नकोच. सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा वेगानं होते, पण ती पुढं वर्षानुवर्षं चालू राहू शकते. तेवढा काळ ग्रुप टिकायला हवा.

उद्या तो वर्गात आला तर ‘झालास ना बरा?’ नको. ‘आज किती वेळ जमेल?’ एवढंच विचारा.